कवडीचा क

जून १९९४ मध्ये सोलापुरातल्या एका महाविद्यालयात मी संख्याशास्त्र शिकवायला लागले. तेव्हा इथली महाविद्यालयं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. सोलापूरला स्वतःचं विद्यापीठ मिळालं ते १ ऑगस्ट २००४ला. माझ्याजवळ खडू होता, लॉगटेबल होतं आणि बेरीज-वजाबाकीच्या पलीकडे फारसं न जाणारा कॅल्क्युलेटर होता. संभाव्यतेच्या पुस्तकांतल्या पिशव्यांमध्ये नेहमी तीन लाल आणि दोन पांढरे चेंडू असायचे. ते तीनच का, हे मला फार उशिरा कळलं. फळ्याच्या एका बाजूत गणित मावावं म्हणून चेंडू कमी ठेवलेले असायचे. आपण जे कोडं सोडवू शकतो, तेच विद्यार्थ्यांपुढे ठेवायचं, असा तो काळ होता.

खरी कोडी मात्र आमच्या गावात जागोजागी पडलेली होती. सिद्धरामेश्वरांनी सोलापूर परिसरात स्थापलेली ६८ लिंगं सगळ्यांना माहीत आहेत. एका विद्यार्थ्यानं विचारलं, "मॅडम, रोज चिठ्ठी टाकून एक लिंग निवडलं आणि त्याचंच दर्शन घेतलं, तर सगळी ६८ पूर्ण व्हायला किती दिवस लागतील?" चिठ्ठ्या परत डब्यात टाकायच्या, त्यामुळे तेच तेच नाव पुन्हा निघणार. साल होतं १९९९. प्रयोगशाळेत नुकते संगणक आले होते आणि मुलं सी भाषा शिकत होती. त्यांनी दहा हजार भाविकांच्या यात्रेचा प्रोग्रॅम लिहिला. पहिल्यांदा सरासरी ३२६ आणि काही दशांश आली, दुसऱ्यांदा ३२७च्या पुढे गेली, तिसऱ्यांदा पुन्हा वेगळीच. मुलं खूश होती. मी नव्हते. उत्तर आलं होतं, पण ते कुठून आलं हे त्या आकड्याकडे बघून सांगता येत नव्हतं.

कागदावर विचार केला की कारण दिसतं. पहिलं लिंग पहिल्याच दिवशी मिळतं. शेवटचं एकच उरलं असेल, तर त्याच्यासाठी सरासरी ६८ दिवस थांबावं लागतं. मधल्या सगळ्या पायऱ्या धरल्या की ६८ला एक, अर्धा, एक तृतीयांश, असं करत एक अडुसष्टांशपर्यंतच्या बेरजेनं गुणायचं. ही बेरीज अपूर्णांकातच ठेवून हातानं करणं माझ्या आवाक्याबाहेर होतं. काही वर्षांनी मॅक्सिमा नावाच्या सॉफ्टवेअरला हीच ओळ दिली, तेव्हा अंशात आणि छेदात आकड्यांची लांबलचक माळ असलेला एकच नेमका अपूर्णांक पडद्यावर आला. दशांशात ३२६.६८. तो कितीही वेळा विचारला तरी तोच येत होता.

मॅक्सिमाची सीडी माझ्या हाती आली ती २००६च्या सुमाराला. त्याआधी डिराइव्ह नावाचा प्रोग्रॅम फ्लॉपीवरून पाहिला होता. अगदी साध्या संगणकावरही तो बीजगणित करायचा, याचं तेव्हा मोठं नवल वाटलं होतं. पण तो विकत घ्यावा लागे आणि वर्गात सगळ्यांना देता येत नसे. मॅक्सिमाची गोष्ट वेगळी. अमेरिकेतल्या एमआयटीत १९६८ साली याच उच्चाराचा, पण वेगळ्या स्पेलिंगचा एक प्रकल्प सुरू झाला होता. त्याची एक प्रत टेक्सास विद्यापीठातले विल्यम शेल्टर १९८२पासून एकहाती सांभाळत होते. १९९८ साली परवानगी मिळवून त्यांनी ती सगळ्यांसाठी खुली केली. २००१ साली ते गेले. त्या माणसानं एवढी वर्षं ते जपलं नसतं, तर सोलापूरच्या एका साध्या वर्गात ते कधीच आलं नसतं. त्यांचं नाव मी दरवर्षी पहिल्याच तासाला सांगत आले.

हे सॉफ्टवेअर नेमकं वेगळं काय करतं? साधा प्रोग्रॅम आकडे मागतो. तुम्ही आकडा दिला नाहीत तर तो अडून बसतो. याला मात्र अक्षर दिलं तरी चालतं. अक्षर अक्षरच ठेवून ते कंस सोडवतं, अवयव पाडतं, समीकरणाची उकल काढतं. भास्कराचार्यांनी ११५०च्या सुमारास बीजगणित लिहिलं, तेव्हा अज्ञात राशींना यावत्तावत्, कालक, नीलक, पीतक अशी नावं देऊन त्यांच्या आद्याक्षरांवरच गणित चालवलं. जे माहीत नाही त्याला नाव द्यायचं आणि ते माहीत नसतानाच कामाला लावायचं. मॅक्सिमा वर्गात आलं तेव्हा मी मुलांना म्हटलं, ही रीत आपल्याकडची जुनीच आहे, यंत्र तेवढं नवं आहे.

याचा पहिला मोठा धडा आम्हाला वाढदिवसांनी दिला. २३ माणसं जमली की त्यांत दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता अर्ध्याहून थोडी जास्त, ५०.७ टक्के असते, हे कोडं जगभर शिकवतात. मी ते वर्गात शिकवलं आणि स्टाफरूममध्ये येऊन बसले. समोर आमच्या पिढीचे सहकारी. त्यांतल्या कितीतरी जणांची जन्मतारीख १ जून. शाळेत नाव घालताना खरी तारीख माहीत नसली की गुरुजी १ जून लिहून मोकळे होत. म्हणून तर महाराष्ट्रात ३१ मेला एकदम इतके निरोपसमारंभ होतात. ३६५ दिवस सारखेच, हे गृहीत आमच्या स्टाफरूमच्या दारातच मोडत होतं.

मग आम्ही १ जूनच्या वाट्याला ज हे अक्षर दिलं. बाकीचा वाटा ३६४ दिवसांत सारखा वाटला. प्रत्येक तारखेचा एक कंस केला, कंसात दोनच शक्यता: त्या दिवशी कोणी नाही, किंवा एकजण. असे ३६५ कंस गुणले की सगळ्यांचे वाढदिवस वेगळे असण्याची शक्यता हव्या त्या पदातून काढता येते. हातानं हा गुणाकार कोण करणार? मॅक्सिमानं ज तसाच ठेवून तो केला. ज म्हणजे एक भागिले ३६५ असं घातलं की जुनं २३ परत मिळालं. पाचांतल्या एकाचा जन्म १ जूनचा, असं धरलं तर मात्र आठच माणसं पुरली. आठजणांत शक्यता ५० टक्क्यांच्या पुढे जाते. त्या दिवशी मुलं आपापल्या आजोबांची जन्मतारीख विचारायला घरी गेली.

मला त्यातून एक गोष्ट पक्की समजली. सॉफ्टवेअर कधी चुकत नव्हतं, पण ते प्रश्नही विचारत नव्हतं. सगळे दिवस सारखे, असं सांगितलं की ते निमूट मान्य करायचं आणि अतिशय नेमकं उत्तर द्यायचं. गृहीत तपासायचं काम आपलंच राहिलं.

पण ज्या कोड्यानं मला सगळ्यात जास्त आनंद दिला, ते माझ्या लहानपणातलं आहे. आमच्या पूर्व भागात शेजारी तेलुगू, पलीकडे कन्नड. खडूनं पाच-पाच घरांचा पट काढायचा, चिंचोके किंवा बांगड्यांचे तुकडे सोंगट्या म्हणून घ्यायचे आणि चार कवड्या टाकायच्या. तेलुगू घरात त्याला अष्टाचेम्मा म्हणत, कन्नड घरात चौकाबारा, आमच्याकडे चल्लस-आठ. जितक्या कवड्या उताण्या तितकी घरं पुढं. चारही उताण्या तर चार, चारही पालथ्या तर आठ. चार किंवा आठ पडले की आणखी एक डाव.

कवडी म्हणजे नाणं नव्हे. ती उताणी पडण्याची शक्यता अर्धीच असेल असं कोण सांगणार? मुलांनी घरोघरच्या कवड्या आणल्या आणि टाकून पाहिल्या. शहाबादी फरशीवर एक, चादरीवर दुसरंच. प्रत्येकीची तऱ्हा निराळी. म्हणून उताणं पडण्याच्या शक्यतेला नाव दिलं क. एका फेकीत सरासरी किती घरं मिळतात? चारपट क, अधिक, एक वजा कच्या चौथ्या घाताची आठपट. मॅक्सिमाला सांगितलं, ही राशी सगळ्यात लहान कधी होते ते काढ. उत्तर आलं: क बरोबर अर्धा असताना. तेव्हा सरासरी अडीच घरं. कवड्या उताणेपणाकडे झुकोत की पालथेपणाकडे, सरासरी वाढतेच. जादा डावाची शक्यतासुद्धा क अर्धा असतानाच सगळ्यात कमी, आठांत एक. जादा डाव धरून एका पाळीची सरासरी २०/७ घरं येते, आणि तीही याच जागी सगळ्यात कमी. म्हणजे निखळ कवडीचा खेळ सगळ्यात संथ.

हे अर्ध्यावरच का यावं? आम्ही आठलाही अक्षर दिलं. पालथ्या चार कवड्यांचं बक्षीस ब. आता उत्तर निघालं की, कवडी पालथी पडण्याची शक्यता, एकला बच्या घनमुळानं भागून जी येईल, तिथे खेळ सर्वांत संथ. आठाचं घनमूळ दोन. म्हणून अर्धा. बक्षीस सात असतं किंवा नऊ असतं, तर तो बिंदू अर्ध्यावरून सरकला असता. वर्गात एकदम शांतता झाली. एका मुलीनं हळूच विचारलं, "म्हणजे जुन्या लोकांनी हे मोजूनच आठ ठेवलं होतं का?"

मलाही क्षणभर तसंच वाटलं होतं. म्हणून सहा कवड्यांचा मोठा पट घेतला. त्यात सगळ्या पालथ्या पडल्या की बारा मिळतात. तिथेही बिंदू अर्ध्यावर यायचा असेल, तर बक्षीस ३२ हवं होतं. बारा धरले की तो क ०.३९च्या आसपास जातो. मोजून ठेवलं असतं तर दोन्हीकडे जमलं असतं. मुलांना आपल्या पूर्वजांचा अभिमान वाटावा असं मला मनापासून वाटतं, पण जिथे पुरावा नाही तिथे तो घालू नये, हेही त्याच तासाला सांगितलं. काही जण नाराज झाले. नाराज होऊनही त्यांनी सहा कवड्यांचं गणित पुन्हा करून पाहिलं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

२०२०च्या टाळेबंदीत वर्ग बंद झाले आणि मॅक्सिमा मुलांच्या मोबाइलवर गेलं. काहींनी पायथनमधलं सिंपाय धरलं. तिथेही अक्षर अक्षरच राहतं. त्या दिवसांत एका विद्यार्थ्याचा रात्री साडेदहाला फोन आला. घरात आजीच्या डब्यातल्या चार जुन्या कवड्या त्याला सापडल्या होत्या. त्यानं विचारलं, "मॅडम, आपण चारही कवड्यांना एकच क का दिला?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि थांबले. इतकी वर्षं मी हे कोडं शिकवत होते. १ जूनचा धडा दरवर्षी देत होते. आणि चार कवड्या सारख्या आहेत, हे न विचारता धरून बसले होते.

त्यानं चौघींना क, ख, ग, घ अशी नावं दिली होती. सरासरी म्हणजे आता चार अक्षरांची बेरीज, अधिक चौघी पालथ्या पडण्याच्या शक्यतेची आठपट. चारही अर्धे असताना सगळे उतार शून्य होतात, इथपर्यंत जुनंच. पण त्या बिंदूला वाटीचा तळ म्हणावं, तर तसं नाही, ते खोगीर आहे. चौघी मिळून एकाच बाजूला झुकल्या तर खेळ वेगवान होतो. पण एक उताणेपणाकडे आणि दुसरी तेवढीच पालथेपणाकडे झुकली, तर सरासरी अडीचच्याही खाली उतरते. निखळ कवड्यांचा खेळ सगळ्यात संथ, हे माझं लाडकं वाक्य चार वेगळ्या अक्षरांपुढे टिकलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कपाटातून माझ्या आईच्या कवड्या काढल्या. शाईनं त्यांच्यावर एक, दोन, तीन, चार ठिपके दिले. चादर अंथरली, शेजारी वही ठेवली आणि पहिल्यांदाच प्रत्येकीची वेगळी नोंद करत टाकायला सुरुवात केली.