तीन चेंडू, एक वेग

'व्ही इज इक्वल टू यू प्लस एटी' हे आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत घोकलेलं आहे. मराठी माध्यमातल्या मंडळींनी तर गुरुत्व त्वरण, गतिज ऊर्जा, स्थितिज ऊर्जा हे शब्दही पाठ केलेत. इथे मुलं हायस्कूलमध्ये गेली की रविवारी रात्री फ्री फॉलचा, म्हणजे आपल्या मुक्त पतनाचा, होमवर्क टेबलावर येतो. "बाबा, इक्वेशन ऑफ मोशन वापरू की एनर्जी?" असा प्रश्न आला की "टीचरनी सांगितलंय तसं कर" म्हणून आपण सुटका करून घेतो. पण याचं उत्तर आपल्याला देता येतं.

एक उदाहरण घेऊ. २० मीटर उंच गच्चीवरून तीन चेंडू फेकले. तिन्हींचा सुरुवातीचा वेग सेकंदाला १५ मीटर. पहिला सरळ वर, दुसरा सरळ खाली, तिसरा आडवा. जमिनीवर सर्वांत जोरात कोणता आदळेल? "खाली फेकलेला" असं चटकन तोंडात येतं.

आता ऊर्जेचा हिशोब मांडा. हवेचा विरोध सोडून दिला, तर सुरुवातीची गतिज ऊर्जा अधिक उंचीमुळे असलेली स्थितिज ऊर्जा म्हणजेच जमिनीलगतची गतिज ऊर्जा. वस्तुमान दोन्ही बाजूंना असल्यामुळे उडून जातं. उरतं ते एवढंच: वेगाचा वर्ग = १५ × १५ + २ × ९.८ × २० = ६१७. वर्गमूळ काढलं की सेकंदाला २४.८ मीटर, आणि तेही तिन्ही चेंडूंना! ऊर्जेला दिशा नसते. चेंडू कुठल्या वाटेने आला याची ती चौकशी करत नाही. वस्तुमान उडतं याचा पुरावा १९७१ साली अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर दाखवला. तिथे हवा नाही, त्यामुळे हातोडा आणि ससाण्याचं पीस बरोबरच खाली पडले.

मग गतीची समीकरणं कशाला? कारण ऊर्जेच्या हिशोबात घड्याळ नसतं. चेंडू किती वेळाने पडेल असं विचारलं की समीकरणांकडेच जावं लागतं. दुसरा चेंडू १.० सेकंदात, तिसरा २.० सेकंदांत आणि पहिला ४.१ सेकंदांत जमिनीवर येतो. पहिल्याला उशीर का? तो वर जाऊन ३.१ सेकंदांनी गच्चीच्या पातळीला परत येतो, तेव्हा त्याचा वेग पुन्हा १५ असतो, पण खालच्या दिशेने. तिथून पुढे तो म्हणजे दुसराच चेंडू! इथे मुलांचं चुकतं ते चिन्हांत. वरची दिशा अधिक धरली, तर त्वरण उणे आणि गच्चीपासून जमिनीपर्यंतचं विस्थापनही उणे. हे कागदावर आधी लिहून घ्यायला सांगावं.

खरं तर या दोन्ही पद्धती सख्ख्या बहिणी आहेत. 'व्ही स्क्वेअर इज इक्वल टू यू स्क्वेअर प्लस टू ए एस' याला अर्ध्या वस्तुमानाने गुणलं की ऊर्जेचंच समीकरण हाती येतं.

हे सगळं फक्त परीक्षेपुरतं नाही. पानगळ सुरू झाली की छपराच्या पन्हळी साफ करायला आपण शिडीवर चढतो. दहा फूट, म्हणजे सुमारे तीन मीटर, उंचीवरून माणूस पडला तर पाऊण सेकंदाच्या थोडं वर वेळ मिळतो. सावरायला तो पुरत नाही. जमिनीलगतचा वेग ताशी १७ मैल. आता ऊर्जेला विचारा, धक्का केवढा? काँक्रीटवर शरीर ३ सेंटीमीटरमध्ये थांबलं, तर सरासरी बल वजनाच्या शंभरपट. ३० सेंटीमीटरमध्ये थांबलं, तर अकरापट. पार्कात झोपाळ्यांखाली लाकडाचा भुगा किंवा रबर पसरतात ते थांबायचं अंतर वाढवण्यासाठीच. तेव्हा शिडी धरायला खाली कोणी तरी असू द्या.

होमवर्कला बसलात की मुलांना एवढंच विचारा: "यात वेळ दिलाय का, किंवा विचारलाय का?" हो म्हटलं तर गतीची समीकरणं. फक्त उंची आणि वेग असेल तर ऊर्जा. हे मराठीत विचारलंत तरी चालेल. उत्तर ते इंग्रजीत देतील, पण आकडा तोच येईल.