मोजणी कोणाच्या दारात

सकाळी ६. म्हातारी कधीची पायरीवर बसलेली. "वकीलसाहेब, पोरगं जेलात हाय. सुटायचं कवा, तेवढं बघा."

७. चहाबरोबर तिची पिशवी उलगडली. दोन खटले, दोन्हींत अटक एकाच दिवशी, शिक्षा एकत्र भोगायच्या. निकालाआधी आत काढलेले १४ महिने जेलने पहिल्या शिक्षेतून वजा केलेत, दुसरीतून नाहीत. दुसऱ्या वॉरंटवर सेट-ऑफचा, म्हणजे या वजावटीचा, रकाना कोरा.

स्वातंत्र्यलढ्यातल्या प्रतिसरकारच्या काळात आमच्या याच कुंडल गावात निवाडा गावातच व्हायचा. कुठलं कोर्ट, हा प्रश्नच नव्हता. आता आधी दार शोधायचं. मी एसटी पकडली.

११. दुसरी शिक्षा दिलेलं परजिल्ह्यातलं सत्र न्यायालय. ज्युनियर म्हणतो, "सर, अपील टाकू." अरे, अपील शिक्षेवर. इथं शिक्षा कबूल आहे, भांडण वजाबाकीचं. निकालाची नक्कल चाळली. शेवटच्या पानावर वजावटीचा हुकूम आहे, वॉरंटवर उतरवायचा राहिलाय. म्हणजे दार हेच. निकालाला हात लावायचा नाही, वॉरंट त्याच्याशी जुळवून घ्यायचं. दीड पानाचा अर्ज दिला.

२. कॅन्टीन. मिसळ खाताना ज्युनियरला गांधीहत्येच्या खटल्यात जन्मठेप झालेल्या गोपाळ गोडसेची याचिका सांगितली. माफीचे दिवस धरून २० वर्षं भरली, सोडा, म्हणून तो थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. १९६१ मध्ये याचिका फेटाळली: जन्मठेप म्हणजे उरलेला जन्म, माफी सरकारच्या हातात. १९६४ मध्ये सरकारनेच सोडलं. दार चुकलं नव्हतं, हिशेब चुकला होता.

४. वॉरंट दुरुस्त होऊनही जेल म्हणालं, तेच दिवस दोनदा कसे वजा करू? तर मात्र उच्च न्यायालयात रिट. नजाकत अलीच्या खटल्यात २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने दोन्हीकडे वजावट दिलीय. पूर्वी त्यासाठी मुंबई गाठावी लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून सहा जिल्ह्यांसाठी उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच आहे. मसुदा आजच करून ठेवला.

७. म्हातारी पुन्हा पायरीवर. मांडीवर कॅलेंडर.

"बेंदराला येतंय का?"

"दंड भरलाय का, मावशी?"

"न्हाई. पाच हजार हाय."

दंडाच्या बदल्यातली कैद तीन महिने. तिला सेट-ऑफ लागत नाही, कुठल्याच कोर्टात. तसं सांगितलं.

तिनं कॅलेंडरची पानं मागं-पुढं केली. "उसाचं बिल आलं की भरते. तवर तुमी तुमचं चालू ठेवा."