विश्लेषण : सर्दीच्या गोळीपासून नशेच्या बाजारापर्यंत, सोलापुरात सापडलेले इफेड्रिन नेमके आहे काय?

सोलापूर : एप्रिल २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी चिंचोळी एमआयडीसीतील एव्हॉन लाइफसायन्सेस या औषध कंपनीवर छापा टाकून १८ टनांहून अधिक इफेड्रिन जप्त केले. त्याची किंमत सुमारे दोन हजार कोटी रुपये असल्याचे पोलिसांनी सांगितले होते. या प्रकरणात अभिनेत्री ममता कुलकर्णी यांचे नाव गाजले. त्यांच्यावरील गुन्हा मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये रद्द केला. मात्र ज्या पावडरीवरून हे सगळे घडले, ती मुळात औषध आहे.

इफेड्रिन कशासाठी वापरतात?

सिझेरियनच्या वेळी पाठीत भुलीचे इंजेक्शन दिल्यावर अनेकदा बाळंतिणीचा रक्तदाब घसरतो. तो सावरण्यासाठी भूलतज्ज्ञ इफेड्रिन वापरतात. त्याचेच भावंड असलेले स्यूडोइफेड्रिन सर्दीच्या काही गोळ्यांत असते. ही दोन्ही उत्तेजक औषधे आहेत, म्हणजे ती शरीराची यंत्रणा जागी करतात. मुलांमधील एडीएचडीसाठी दिले जाणारे मिथाइलफेनिडेट आणि दिवसा अनावर झोप येण्याच्या आजारावरील मोडाफिनिल हीदेखील उत्तेजकेच.

मग गुन्हा कुठे?

इफेड्रिनची रासायनिक रचना मेथॅम्फेटामाइन या नशेच्या पदार्थाशी अगदी जवळची आहे, त्यामुळे तस्करांना ते कच्चा माल म्हणून हवे असते. सोलापूरचा माल आफ्रिकेत पाठवून त्यापासून मेथॅम्फेटामाइन बनवण्याचा कट होता, असा पोलिसांचा दावा होता. म्हणूनच एनडीपीएस कायद्यात इफेड्रिन ‘नियंत्रित पदार्थ’ आहे. ते बनवता आणि विकता येते, पण प्रत्येक किलोचा हिशेब ठेवावा लागतो. नियम मोडल्यास दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते.

मेफेड्रोन म्हणजेच एमडीचे तसे नाही. त्याचा औषध म्हणून मान्य असा कोणताही उपयोग नाही. २०१५ मध्ये त्याचा एनडीपीएसच्या यादीत समावेश झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई पोलिसांनी एमडीच्या कारखान्यावर छापा टाकला, तोही चिंचोळीतच.

शरीरात काय होते?

उत्तेजके मेंदूत डोपामिन आणि नॉरअॅड्रेनॅलिन यांचे प्रमाण वाढवतात. ठरलेल्या मात्रेत त्याने लक्ष लागते, झोप आवरते. मेथॅम्फेटामाइन किंवा एमडीसारख्या नशेत मात्र डोपामिनचा लोंढा येतो. भूक आणि झोप उडते, छातीत धडधडते, रक्तदाब चढतो. पुढे संशय, भास, झटके, क्वचित पक्षाघात किंवा हृदयविकाराचा धोका असतो. अंमल उतरला की गळून गेल्यासारखे वाटते, उदासी येते. ती घालवण्यासाठी माणूस पुन्हा त्याच पुडीकडे वळतो.

घरच्यांनी काय पाहावे?

परीक्षेच्या काळात ‘जागण्याची गोळी’ म्हणून कोणी काही देत असेल तर सावध राहा. रात्र जागून काढता येते; पण वाचलेले मेंदूत पक्के होते ते झोपेतच. सलग जागरण, अचानक घटलेले वजन, चिडचिड आणि पैशांची सततची मागणी ही लक्षणे एकत्र दिसली तर मुलाशी शांतपणे बोला. दुसरीकडे, डॉक्टरांनी एडीएचडीचे औषध दिले असेल तर ते भीतीपोटी परस्पर बंद करू नका.

मदत कुठे?

व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. अमली पदार्थांच्या विक्रीची माहिती १९३३ वर देता येते. पोलिसांच्या भीतीने अनेक कुटुंबे उपचार टाळतात. मात्र स्वतःच्या सेवनाचा किंवा अल्प मात्रा बाळगल्याचा गुन्हा असलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेण्यास पुढे आली, तर एनडीपीएस कायद्याचे कलम ६४-अ तिला खटल्यापासून संरक्षण देते. उपचार अर्धवट सोडल्यास हे संरक्षण काढून घेतले जाऊ शकते.