‘कालियामर्दन’ (१९१९) : पाण्याखालचे भय आणि काठावरचा प्रेक्षक

प्रस्तावना

जलचर राक्षसाचा भयपट म्हटला की बहुतेकांना स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा ‘जॉज’ (१९७५) आठवतो. चित्रपटाच्या अभ्यासक्रमातही या प्रकाराचा इतिहास परदेशी चित्रपटांपासूनच सुरू होतो. तथापि पाण्याखाली दडलेले अक्राळविक्राळ प्राणिरूप, त्याच्याशी झुंज आणि श्वास रोखून पाहणारा समुदाय हे सर्व घटक मराठी माणसाने निर्माण केलेल्या मूकपटात १९१९ सालीच एकत्र आले होते. हा मूकपट म्हणजे दादासाहेब फाळके यांचा ‘कालियामर्दन’ होय. या चित्रपटातील भयाची रचना कशी आहे आणि तिच्यावरून त्या काळच्या प्रेक्षकाविषयी काय म्हणता येते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

निर्मिती आणि कथानक

‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) आणि ‘लंकादहन’ (१९१७) यांच्या यशानंतर फाळके यांनी १९१८ साली भागीदारीत नाशिक येथे हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी स्थापन केली. तिच्या ‘श्रीकृष्णजन्म’ (१९१८) या चित्रपटात कालियाच्या फण्यावर उभा राहून यमुनेतून वर येणारा बाळकृष्ण दिसतो. पुढल्याच वर्षी या प्रसंगाला स्वतंत्र चित्रपटाचे रूप मिळाले. दोन्ही चित्रपटांत कृष्णाची भूमिका फाळके यांची कन्या मंदाकिनी हिने केली. ‘कालियामर्दन’चा बराचसा भाग आज पाहता येतो. १९६४ साली पुण्यात स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आणि त्याचे संस्थापक-संवर्धक पी. के. नायर यांच्या परिश्रमांचे हे फळ आहे.

चित्रपटाच्या पूर्वभागात कृष्णाच्या खोड्या आहेत. त्यांत निजलेल्या धनिकाची दाढी त्याच्या पत्नीच्या केसांना बांधण्याचा प्रसंगही येतो. उत्तरभागात कृष्ण यमुनेत उडी घेतो आणि पाण्याखाली कालियाशी झुंजतो. ही झुंज सलग दाखविलेली नाही. ती मधूनमधून थांबते व नदीकाठावर जमलेले व्याकूळ गोकुळ पडद्यावर येते. अखेर नागपत्नींच्या विनवणीनंतर कृष्ण कालियासह पृष्ठभागावर प्रकटतो.

पाण्याखालचे दृश्य हे त्या काळी तंत्रज्ञांपुढील आव्हान होते. फ्रान्समध्ये जॉर्ज मेलिए यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मासे ठेवण्याच्या काचेच्या टाकीतून चित्रण करून समुद्रतळाचा आभास निर्माण केला होता. ज्यूल व्हर्न यांच्या कादंबरीवर आधारित १९१६ च्या अमेरिकन चित्रपटासाठी विल्यमसन बंधूंनी पाण्यात नळी सोडून, तिच्या तळाशी असलेल्या कक्षाच्या काचेतून बहामा बेटांजवळ प्रत्यक्ष चित्रण केले आणि एक कृत्रिम अष्टपादही उभा केला. अशी साधनसामग्री फाळके यांच्यापाशी नव्हती. त्यांची भिस्त कलागृहातील रचना आणि कॅमेऱ्याच्या करामती यांवर होती.

भय कोठे आहे?

‘जॉज’मधील भय अज्ञानातून निर्माण होते. चित्रणाच्या वेळी यांत्रिक शार्क वारंवार बिघडत असल्याने दिग्दर्शकाला तो बराच काळ दृष्टीआड ठेवावा लागला आणि ही अडचणच चित्रपटाचे बळ ठरली. खाली काय आहे, केव्हा वर येईल, कोणाला नेईल, यांतले काहीच प्रेक्षकाला ठाऊक नसते.

‘कालियामर्दन’ पाहायला आलेल्या प्रेक्षकाला मात्र सर्वच ठाऊक होते. भागवताच्या दशम स्कंधातील ही कथा त्याने कीर्तनात ऐकलेली होती. कृष्ण बुडणार नाही, कालिया जिंकणार नाही, याविषयी त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. मग उत्कंठा कशाची?

याचे उत्तर काठावरील समुदायात आहे. प्रेक्षकाला जे ठाऊक आहे ते यशोदेला ठाऊक नाही. पाण्यात शिरलेले आपले मूल वर येत नाही, एवढेच तिला दिसते. फाळके प्रेक्षकाला आळीपाळीने पाण्याखाली आणि काठावर नेतात. पाण्याखाली त्याला देवाचा पराक्रम दिसतो, काठावर आईची घालमेल दिसते. म्हणजे येथील भय राक्षसाच्या रूपापेक्षा काठावरच्या चेहऱ्यांत अधिक आहे. हा समुदाय फाळके यांची नवनिर्मिती नव्हे, तो भागवतातच आहे. परंतु दोन ठिकाणच्या घटना तुकड्यातुकड्यांनी जोडून दाखविण्याचे चित्रपटाचे सामर्थ्य त्या कथेत किती चपखल बसते, हे त्यांनी ओळखले.

रसविचाराच्या परिभाषेत बोलायचे तर येथे भयानक रस स्वतंत्र राहत नाही, तो अद्भुताची वाट तयार करतो. भय या स्थायिभावाची जागा विस्मय घेतो. शेवटही याला अनुरूप आहे. ‘जॉज’मधील शार्कच्या चिंधड्या उडतात. भागवतातील कालिया मात्र मारला जात नाही. त्याला समुद्रातील रमणक द्वीपाकडे धाडले जाते. तो मुळात गरुडाच्या भीतीने यमुनेच्या डोहात दडून बसलेला असतो. स्वतःच भ्यालेला राक्षस ही कल्पना आजच्या भयपटालाही विचारात पाडणारी आहे.

प्रेक्षक भोळा होता काय?

फाळकेकालीन प्रेक्षकाविषयी काही आख्यायिका नेहमी सांगितल्या जातात. पडद्यावर राम किंवा कृष्ण दिसताच लोक दंडवत घालीत, ही त्यांतील प्रमुख होय. यावरून तो प्रेक्षक प्रतिमेलाच देव समजणारा भोळा भाविक होता, असा निष्कर्ष काढला जातो आणि आपण तो वर्गात सहज सांगून मोकळे होतो.

‘कालियामर्दन’चा आरंभ या निष्कर्षाला छेद देतो. कथा सुरू होण्यापूर्वी मंदाकिनी पडद्यावर येते आणि एकामागून एक मुद्राभिनय करून दाखविते. त्यानंतर त्याच मुलीचे कृष्णात रूपांतर होते. हा देव नव्हे, ही अभिनय करणारी मुलगी आहे, असे चित्रपट स्वतःच प्रथम सांगतो. तरीही पुढे प्रेक्षकाने हात जोडले असतील, तर ते फसून नव्हे. रामलीलेतील मुलाला कोणी खरा राम समजत नाही, तरी त्याची आरती केली जाते. कृत्रिमता ठाऊक असणे आणि दर्शन घेणे यांत त्या प्रेक्षकाला विरोध वाटत नव्हता.

कोल्हापूरचा प्रतिदाखला

याच सुमारास कोल्हापुरात वेगळे काही घडत होते. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० साली पुण्यात प्रदर्शित झाला. लोकमान्य टिळकांनी पेंटर यांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरविले ते याच चित्रपटामुळे. त्यातील कीचकवध इतका हुबेहूब वठला की प्रेक्षक घाबरून गेले आणि ते दृश्य पुढे गाळावे लागले, अशी नोंद चित्रपटेतिहासात आढळते. आज तो चित्रपट उपलब्ध नाही.

कीचकाचा अंतही प्रेक्षकाला आधीच ठाऊक होता. तरीही तो दचकला. म्हणजे कथा परिचित असल्याने भय नाहीसे होते असे नाही. ते दृश्य कसे मांडले आहे यावर अवलंबून असते. फाळके यांनी भय काठावरच्या आप्तांच्या चेहऱ्यांतून पोहोचविले व त्याचा शेवट दर्शनात केला. पेंटर यांच्या वास्तववादाने प्रेक्षकाला हत्येसमोरच उभे केले. कालियापुढे हात जोडणारा आणि कीचकवधाने हादरणारा प्रेक्षक एकाच पिढीतला होता. त्याला दोन्हींतला भेद कळत होता.

समारोप

पुढे फाळके स्वतः कोल्हापुरास आले. कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी दिग्दर्शित केलेला ‘गंगावतरण’ (१९३७) हा त्यांचा अखेरचा चित्रपट. तोही पाण्याच्याच अद्भुताविषयी होता. या परंपरेचे शिक्षण कोल्हापुरात देताना दोन गोष्टींचे भान ठेवणे अगत्याचे आहे. एक, भयपटाचा विचार केवळ राक्षसाच्या रूपावरून न करता तो पाहणारा कोठे उभा केला आहे, यावरूनही केला पाहिजे. दोन, त्या प्रेक्षकांनी आपले अनुभव क्वचितच लिहून ठेवले. त्यांच्याविषयी इतरांनी सांगितलेल्या आख्यायिका मात्र टिकल्या. अशा वेळी उपलब्ध चित्रपट हाच अधिक विश्वासार्ह साक्षीदार ठरतो, आणि ‘कालियामर्दन’ची साक्ष त्या प्रेक्षकाच्या समंजसपणाच्या बाजूने आहे.