अपडेट आलेला होता, तरी जेएनपीटीचं टर्मिनल बंद पडलं

ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा एपिसोड लेखी, थोडा साफसूफ करून.

२७ जून २०१७. न्हावा शेवाच्या जेएनपीटी बंदरातलं गेटवे टर्मिनल्स इंडिया ठप्प झालं. मर्स्क समूहातली एपीएम टर्मिनल्स ते चालवत होती. क्रेन शाबूत, कंटेनर जागेवर, पण कुठला माल कुणाचा हे सांगणारी सिस्टीमच गेलेली.

कारण होतं नॉटपेट्या. तो आला युक्रेनच्या एम.ई.डॉक नावाच्या टॅक्स सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. आपल्याकडच्या टॅलीसारखं काहीतरी समजा. मर्स्कच्या तिथल्या ऑफिसात ते होतं, आणि तिथून नेटवर्कनेटवर्कने तो रायगड जिल्ह्यापर्यंत पोचला.

आता गंमत बघा. विंडोजच्या ज्या भोकातून तो घुसत होता, त्याचा पॅच मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिला होता. मे महिन्यात वॉनाक्रायने त्याच भोकातून जगभर धुमाकूळ घातला होता. मग मोठ्या कंपन्या अपडेट का मारत नाहीत? आळशी असतात म्हणून? नाही हो.

आपल्या वाळूजमधला किंवा शेंद्र्यातला एखादा मोठा कारखाना डोळ्यासमोर आणा. ऑफिसचे लॅपटॉप सोपे. पण लाइनवरचं मशीन चालवणारा जो पीसी असतो ना, त्यावर अजून विंडोज ७ असू शकतं, ज्याचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला. मशीन देणारा म्हणतो, ‘विंडोजला हात लावलात तर आमची जबाबदारी नाही.’ प्रॉडक्शनवाले म्हणतात, ‘लाइन दिवाळीतच थांबेल.’ आयटीवाला मध्ये सँडविच. आणि असे पीसी नेमके किती, हे पुष्कळदा कुठल्याच एक्सेलमध्ये नसतं. माझ्या मते खरी अडचण इथेच सुरू होते.

बरं, सगळीकडे एकदम अपडेट टाकावा, तर १९ जुलै २०२४ आठवा. क्राउडस्ट्राइकच्या एका चुकीच्या अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या स्क्रीनवर अडकली. आपल्याकडे विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहिले गेले. म्हणून आधी थोड्या मशीनवर, मग बाकीच्यांवर. पण जेवढे दिवस तुम्ही थांबता, तेवढे दिवस भोक उघडं.

आणि नुसत्या पॅचनेही भागत नाही. नॉटपेट्या एका कच्च्या मशीनमध्ये शिरला की तिच्या मेमरीतून अ‍ॅडमिनचा पासवर्ड चोरायचा आणि पॅच केलेल्या मशीनवरही रीतसर लॉगिन करून जायचा. सगळ्या पीसींना एकच अ‍ॅडमिन पासवर्ड ठेवणं म्हणजे अख्ख्या सोसायटीला एकच किल्ली. पासवर्ड वेगवेगळे ठेवा. जी जुनी मशीन बदलता येत नाहीत, त्यांचं नेटवर्क ऑफिसच्या नेटवर्कपासून तोडा.

मर्स्कचं पुढे काय झालं? १० दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० पीसी नव्याने उभे केले. पण कोणाला कुठे प्रवेश हे ठरवणारे त्यांचे डोमेन कंट्रोलर एकमेकांचेच बॅकअप होते, त्यामुळे सगळे एकदम गेले. वाचला फक्त घानातला एक, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती! लोडशेडिंग पावलं म्हणायचं. त्याची डिस्क विमानाने आणावी लागली.

तुमच्या शॉप फ्लोअरवर सगळ्यात जुनं विंडोज कुठलं आहे? व्हॉइस नोट पाठवा. कंपनीचं नाव मात्र सांगू नका.