दाब आणि ताण

आपल्या राजूरच्या पश्चिमेस प्रवरेवर भंडारदऱ्याचे दगडी धरण आहे. ते १९२६ साली पुरे झाले. दगडी बांधकाम दाब उत्तम सोसते, ताण मात्र सोसत नाही. १९६९ साली या धरणास भेगा पडून गळती लागली, तेव्हा पुस्ते बांधून ते बळकट करावे लागले.

काँक्रीटचा स्वभावही असाच. म्हणून ताण पडेल तेथे त्यात लोखंडी सळया घालतात. दोन भिंतींवरील स्लॅब भाराने खालच्या अंगास ताणला जातो. तेथे सळई तळाशी हवी. भिंतीबाहेर आलेल्या सज्जास वरून ताण बसतो. तेथे ती वर हवी. काँक्रीट ओतताना ती पायाखाली दबली, तर सज्जा कोसळू शकतो. तेव्हा आम्ही एवढेच सुचवतो, की काँक्रीट पडण्यापूर्वी घरमालकाने सळई आपल्या डोळ्यांनी पाहावी.