सिनेमातले बारा आणे

अलिबाग-रेवदंड्याकडच्या घरांत जुना पूजेचा डबा उघडला की सगळे शिवराई शोधतात. मी शोधतो ‘चलती का नाम गाडी’ची नाणी! १९५८ चा सिनेमा, तीन भाऊ, त्यांचं गॅरेज आणि मधुबालाकडे थकलेले पाच रुपये बारा आणे. खरं तर १ एप्रिल १९५७ लाच नवे पैसे आले होते. बारा आणे म्हणजे पाऊणशे नवे पैसे. पण हिशेब अजून आण्यांतच.

बारा आण्यांचं एक नाणं नव्हतंच. अर्धा रुपया आणि पाव रुपया जोडायचा: १९५० च्या मालिकेतली निकेलची नाणी, मागे गव्हाच्या लोंब्या. दोन आणे चौकोनी, त्यावर बैल (माझं लाडकं!).

सापडलं तर चिंच लावून घासू नका हो. खाऱ्या हवेपासून जपा, कोरडं ठेवा.